गारगोटीचा ओटा

कवीने चंद्रावर बोलावं, पावसावर बोलावं, फार तर महागाईवर बोलावं, अशी आपल्याकडची रीत आहे. मी आज स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बोलणार आहे आणि तेही त्यावर पडणाऱ्या डागांवर. हसू नका. आमच्या घरी स्वयंपाक पत्नी करते आणि रात्रीचा ओटा मी आवरतो. ही वाटणी गेली कित्येक वर्षं बिनतक्रार चालू आहे. रोज एकदा ओट्याशी गाठ पडते, तेव्हा त्याच्याविषयी चार शब्द बोलायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालतो.

शिवाय डाग हा शब्दही मोठा गमतीचा आहे. कपड्यावर पडतो तो डाग, नावाला लागतो तो डाग आणि सोनाराकडून घडवून आणतो तोही डागच. ‘लेकीच्या अंगावर चार डाग घातले’ म्हटलं की ऐकणारा दागिनेच समजतो. ओट्यावरच्या डागाला मात्र दागिना म्हणायला कुणी तयार नसतं. त्यातून ओटा नवा आणि पांढराशुभ्र असेल, तर हळदीचा एक थेंबही घरात दोन दिवस अबोला धरायला पुरतो.

हल्ली मोठ्या शहरांतच नव्हे, तालुक्याच्या गावांतही क्वार्ट्झचे ओटे बसू लागले आहेत. दुकानात गेलं की विक्रेता छातीठोकपणे सांगतो, ‘साहेब, याला काही होत नाही. ना डाग, ना ओरखडा.’ आम्हालाही एका दुकानात असंच सांगण्यात आलं होतं. ‘काही होत नाही’ हे वाक्य मला माणसांच्या बाबतीतही कधी पटलेलं नाही, मग दगडाच्या बाबतीत कसं पटावं? म्हणून मी या दगडाचं कूळ-मूळ शोधायला बसलो. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो. डाग कसा काढायचा हे कळायला हवं असेल, तर तो कशावर पडलाय हे आधी ओळखावं लागतं.

माझ्या लहानपणी आमच्या घरात उभ्याचा ओटा नव्हताच. चूल जमिनीवर आणि अम्मी पाटावर बसून भाकऱ्या थापायची. खाली शहाबादी फरशी. पुढे गॅस आला, तो जमिनीवर ठेवता येईना. मग कडप्प्याचा काळा ओटा आला आणि घरातल्या बायका उभ्याने स्वयंपाक करू लागल्या. शहाबादी कर्नाटकातल्या शहाबादची आणि कडप्पा आंध्रातल्या कडप्प्याचा, पण दोघांची जात एकच, चुनखडीची. चुनखडीला आंबट चालत नाही. कडप्प्यावर लिंबू पिळून तसंच ठेवलं की तिथे पांढुरका ठसा उठतो, तो याचमुळे. त्याला आपण डाग म्हणतो, पण तो वरून आलेला डाग नसतो. आम्लाने दगडच थोडासा खाल्लेला असतो. असा ठसा कितीही घासला तरी जात नाही. संगमरवराचंही तेच.

मग ग्रॅनाइट आला. तो आंबटाला घाबरत नाही, पण त्याच्या कणांमध्ये बारीक फटी असतात आणि तेल हळूहळू आत उतरतं. म्हणून त्याला वरचेवर सीलर लावावं लागतं. आणि आता आला क्वार्ट्झ.

क्वार्ट्झ म्हणजे कुणी परका पाहुणा नाही. ती आपली गारगोटी. लहानपणी ओढ्यातून पांढऱ्या गारगोट्या आणून, अंधाऱ्या खोलीत बसून, त्या एकमेकींवर घासायचा खेळ तुमच्यापैकी अनेकांनी खेळला असेल. घासलं की दगडाच्या आत पिवळसर उजेड चमकून जायचा. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात तर गारगोटी नावाचं गावच आहे. ही गारगोटी कठीण किती? जर्मन शास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड लावली. तिच्यात दहाव्या पायरीवर हिरा आहे आणि गारगोटी सातव्या. आपल्या नखाचा कठीणपणा अडीचच्या आसपास, संगमरवराचा तीन आणि स्वयंपाकघरातल्या सुरीचा साधारण साडेपाच. म्हणजे सुरी गारगोटीपुढे मऊच म्हणायची.

पण आपला ओटा एका अखंड गारगोटीतून कापलेला नसतो, आणि इथेच सगळी मेख आहे. मार्चेल्लो तोन्चेल्ली यांनी १९६३ मध्ये इटलीत ब्रेटन नावाची कंपनी काढली. तिथे पुढे एक पद्धत विकसित झाली. गारगोटीचा चुरा आणि भुकटी करायची, तिच्यात राळ आणि रंग मिसळायचा, मग हवा काढून घेऊन, हादरे देत ते मिश्रण दाबायचं आणि ताप देऊन पक्कं करायचं. राळ म्हणजे झाडाची नव्हे, कारखान्यात केलेली, प्लॅस्टिकच्या कुळातली. आज जगभर क्वार्ट्झच्या लाद्या बहुतेक याच धर्तीवर होतात. भारतातही त्या मोठ्या प्रमाणावर बनतात आणि परदेशी जातात.

वजनाने पाहिलं तर या लादीत साधारण नव्वद ते त्र्याण्णव टक्के गारगोटी आणि सात ते दहा टक्के राळ असते. राळ वजनाने हलकी. त्यामुळे आकारमानाने मोजलं तर जवळजवळ सातव्यापासून पाचव्या हिश्श्यापर्यंत जागा तिने व्यापलेली असते. म्हणजे आपण ज्याला दगड म्हणतो तो दगड आणि चिकट यांचा संसार आहे. त्यातला दगड सोशिक आहे, चिकट हळवं आहे. क्वार्ट्झच्या ओट्याचे सगळे गुण आणि सगळी दुखणी या एका गोष्टीतून निघतात.

गुण पाहा. राळेने सगळ्या फटी बुजवलेल्या असतात, म्हणून तेल-पाणी आत मुरत नाही आणि सीलर लावावं लागत नाही. चुनखडी नसल्यामुळे लिंबाचा थेंब त्याला खात नाही. आता दुखणी पाहा. राळेला फार ताप सोसत नाही. तिखट रसायनं सोसत नाहीत. वर्षानुवर्षं कडक ऊन सोसत नाही, ती पिवळी पडते. म्हणून गच्चीत किंवा उघड्या बाल्कनीत हा दगड बसवू नये. आणि लादीवरची चकाकी ही घासून आणलेली असते, ती खरखरीत वस्तूने घासून घालवताही येते.

हे एकदा ध्यानात घेतलं की रोजची स्वच्छता अगदी सोपी आहे. कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन-चार थेंब, मऊ फडकं. पुसायचं, मग साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढून टाकायचा आणि शेवटी कोरडं करायचं. या शेवटच्या पायरीचा आपल्याला कंटाळा येतो. पण साबणाचा पापुद्रा राहिला की ओटा मळकट दिसतो, आणि मग लोक त्याच्यावर आणखी साबण ओततात. भांड्यांच्या साबणाची वडी मात्र इथे नको. तिच्यात घासायची भुकटी आणि सोडा असतो. तारेची घासणी नको आणि जुन्या सवयीची राखही नको. पितळेला जे मानवतं ते या दगडाला मानवेलच असं नाही.

आता एकेक डाग घेऊ.

पहिला मान हळदीचा. हळदीचा रंग ज्या द्रव्याचा असतो त्याला कर्क्युमिन म्हणतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळतं. म्हणून फोडणीच्या तेलाबरोबर ते पसरतं आणि नुसत्या पाण्याने पुसलं की जागच्या जागी राहतं. त्याची आणखी एक खोड आहे. अल्कधर्मी पदार्थ लागला की ते लाल होतं. हे आपल्या आजीला ठाऊक होतं. हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करतात ते याच गुणावर. तेव्हा पिवळा डाग साबणाच्या वडीने किंवा सोड्याने घासला आणि तो लालसर झाला, तर घाबरू नका. डाग वाढलेला नाही, त्याने रंग बदलला आहे इतकंच.

हळद सांडली की आधी कोरड्या फडक्याने ती टिपून घ्या, पसरवू नका. मग पातळ साबणाने तेल काढा. तरी पिवळेपणा उरला तर औषधाच्या दुकानात मिळणारं स्पिरिट, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, फडक्यावर घेऊन हलक्या हाताने पुसा. हे करताना गॅसची शेगडी बंदच हवी आणि खिडकी उघडी. स्पिरिट झटकन पेट घेतं. एवढ्यानेही न गेलं तर तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, त्याचा बोळा डागावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि पाण्याने पुसून घ्या. गरज पडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि हे सगळं करूनही फिकट छटा राहिली तर दोन-चार दिवस थांबा. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. साडीवरची हळद उन्हात धरल्यावर उडते, तशी खिडकीजवळच्या ओट्यावरचीही उडते. कोणतंही औषध लावण्यापूर्वी सिंकच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे नजर जात नाही तिथे, थोडं लावून बघायचं, हा नियम कायमचा.

दुसरा डाग चहाचा. कपाच्या बुडाचं तपकिरी वर्तुळ. चहातल्या टॅनिनचा हा प्रताप. ताजा असेल तर साबणाचं पाणी पुरतं. वाळला असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून त्याचा लेप लावा, थोडा वेळ ठेवा आणि मऊ फडक्याने फिरवून पुसून काढा. जोर करायचा नाही. ईदच्या दिवशी आमच्या ओट्यावर शीरखुर्म्याचं दूध, केशर आणि गुलाबी सरबत यांची एकत्र रांगोळी झालेली असते. तिला मी याच क्रमाने सामोरा जातो. आधी कोमट पाण्याचं ओलं फडकं टाकून वाळलेलं दूध भिजू देतो, मग साबण आणि रंग उरलाच तर सोडा.

तिसरा डाग शेगडीच्या कडेचा. फोडणीचे शिंतोडे रोज उडतात, रोज तापतात आणि त्यांचा चिकट, पिवळा थर बसतो. तेल तापून-तापून त्याचं जवळजवळ रोगण झालेलं असतं. त्यावर कोमट साबणाच्या पाण्याचं फडकं दहा मिनिटं टाकून ठेवा, मग प्लॅस्टिकचा उलथणा किंवा मुदत संपलेलं एटीएम कार्ड आडवं धरून तो थर सोडवा. सुरीने खरवडू नका. वाळलेली कणीक आणि मेणबत्तीचं मेण हेही असंच काढायचं. मेणावर आधी बर्फाचा खडा फिरवला की ते कडक होऊन सुटतं.

चौथा डाग सिंकभोवतीचा. बोअरच्या पाण्यात चुन्याचे क्षार असतात. थेंब वाळला की पांढरा डोळा मागे राहतो. लोकांना वाटतं दगड पांढरा पडला. तसं नसतं, तो पाण्याने आणून ठेवलेला चुना असतो. एक भाग व्हिनेगर आणि एक भाग पाणी घेऊन फडक्याने लावा, दोन-तीन मिनिटांत पुसा आणि स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडं करा. कडप्प्याला जे मारक तेच इथे औषध होतं, कारण इथे चुना हाच डाग आहे आणि दगड चुन्याचा नाही. पण घरात एक ओटा कडप्प्याचा आणि एक क्वार्ट्झचा असेल, तर फडकं कुठे फिरतंय याचं भान ठेवा.

पाचवा डाग फसवा आहे. ओट्यावर करड्या रंगाची बारीक रेघ दिसते आणि आपल्याला वाटतं, सुरीचा ओरखडा गेला. पुष्कळदा तसं नसतं. मघाशी सांगितलेली उतरंड आठवा. सुरी साडेपाच, गारगोटी सात. सुरी ओढली गेली की दगडावर सुरीचंच थोडं पोलाद मागे राहतं, पाटीवर पेन्सिल राहते तसं. खायच्या सोड्याच्या लेपाने हलक्या हाताने पुसून बघा, अनेकदा ती निघून जाते. लोखंडी तवा किंवा विळी ओली ठेवल्याने पडलेल्या गंजाच्या खुणेवर लिंबाचा रस थोडा वेळ लावून धुतला तर फरक पडतो. शाईचा किंवा मार्करचा डाग स्पिरिटने जातो.

आता जे डाग जाणार नाहीत ते सांगतो. कढईतलं तळणाचं तेल एकशे ऐंशी अंशांच्या आसपास तापलेलं असतं आणि तवा त्याच्याही पुढे जातो. राळेला दीडशेच्या वर धोका असतो. गॅसवरून उतरवलेली कढई थेट क्वार्ट्झवर टेकवली की तिथे पिवळट किंवा पांढुरका गोल उठतो. तो डाग नसतो, तो चटका असतो. राळच करपलेली असते. त्यावर जगातलं कुठलंही औषध चालत नाही. कधी एकदम ताप लागल्याने लादीला तडाही जातो. म्हणून एक लोखंडी तिवई किंवा लाकडी पाट शेगडीशेजारी कायमचा ठेवा. दहा रुपयांच्या औषधाने जे होणार नाही ते तिवईने होतं.

दुसरा न जाणारा डाग आपण स्वतः आणतो. डाग जात नाही म्हणून चिडून आपण मोरीतलं अ‍ॅसिड आणतो, तुंबलेला नळ मोकळा करायचा कॉस्टिक सोडा आणतो, नाहीतर रंगाचा थिनर. यांनी राळ आणि तिच्यातला रंग बिघडतो आणि तिथे निस्तेज चट्टा पडतो. डाग गेला तरी चट्टा राहतो. काहीजण पॉलिश पेपर घेऊन बसतात, त्यानेही तेवढी जागा मळकट होते. कारखान्यातली चकाकी घरात परत येत नाही.

इथपर्यंतचं नुकसान ओट्याचं होतं. पण याच्यापुढे एक गोष्ट आहे, तिच्यात नुकसान माणसाचं होतं, म्हणून ती जरा सावकाश ऐका. कपड्यांचं ब्लीच आणि मोरीचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. एकत्र केलं की क्लोरीन वायू सुटतो. हा तोच वायू, जो १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणांगणावर माणसं मारायला सोडला होता. ब्लीच आणि अमोनिया असलेला काचेचा क्लीनर एकत्र झाला तरी विषारी वायू तयार होतो. ब्लीचमध्ये व्हिनेगरही नको. आणि हे बहुतेक वेळा कोण करतं? घरची बाई नाहीतर कामाला येणाऱ्या मावशी. बंद खिडकीच्या छोट्या स्वयंपाकघरात ओट्यावर वाकून त्या घासत असतात, तोंड त्या वाफेच्या अगदी वर. ‘दोन्ही टाका, लख्ख होईल’ असं आपणच सांगितलेलं असतं. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची जबाबदारी ज्याला वाचता येतं त्याची आहे. एका वेळी एकच औषध, मधे भरपूर पाणी, हातात रबरी मोजे आणि खिडकी उघडी. चुकून घसा चरचरू लागला, डोळे झोंबू लागले तर पुसत बसायचं नाही. खोलीतून बाहेर मोकळ्या हवेत जायचं आणि त्रास थांबला नाही तर डॉक्टरकडे.

आता शेवटचा मुद्दा. हा डाग ओट्यावर दिसतच नाही.

आमचा ओटा बसवायला विशी-बाविशीचा एक मुलगा आला होता. सिंकसाठी भोक पाडायचं होतं. त्याने लादी गच्चीवर नेली, तोंडाला रुमाल बांधला आणि ग्राइंडर लावला. दोन मिनिटांत त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या. मी खालून पाण्याची नळी आणून दिली आणि म्हटलं, ‘बाळा, पाणी सोडून काप.’ तो म्हणाला, ‘चाचा, वेळ लागतो. मालक ओरडतो.’ शेवटी नळी धरून मीच उभा राहिलो. धूळ बसली, चिखल झाला, पण काम झालं.

ती पांढरी धूळ म्हणजे गारगोटीची भुकटी, शास्त्राच्या भाषेत सिलिका. तिचे सर्वांत घातक कण केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. साधा रुमाल त्यांना अडवत नाही. ते फुप्फुसात खोलवर जातात, बाहेर येत नाहीत आणि तिथे व्रण धरतात. फुप्फुस हळूहळू कडक होत जातं, धाप लागते. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. त्याच्या जोडीने क्षयाचा धोका वाढतो आणि अनेकदा त्याला क्षय समजूनच उपचार होत राहतात. गेलेलं फुप्फुस परत आणणारं औषध अजून नाही.

हा आजार आपल्याला नवा नाही. माझ्या वडिलांच्या बोटात अकीकची अंगठी होती. अकीक हाही गारगोटीच्याच कुळातला. गुजरातेत खंभातला अकीक घासून त्याचे मणी आणि खडे करणाऱ्या कारागिरांमध्ये हा आजार घरोघरी आहे. ज्या पेन्सिलीने आपण पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं, तिचे दगड मध्य प्रदेशातल्या मंदसौरला कापले जायचे. तिथल्या कामगारांनीही हीच किंमत मोजली. क्वार्ट्झच्या ओट्याने ही जुनी गोष्ट नव्या घरांत आणली, आणि जास्त वेगाने. संगमरवरात सिलिका अगदी थोडी असते. ग्रॅनाइटमध्ये ती कमी-जास्त तिसरा हिस्सा असते, तर या लादीत नव्वद टक्क्यांपर्यंत आणि त्याच्याही पुढे. त्यामुळे आजार यायला पूर्वीसारखी वीस-तीस वर्षं लागतातच असं नाही. थोड्या वर्षांच्या कामातही तरुण मुलं आजारी पडली आहेत. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये अशा पंचवीस रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं. पुढे ऑस्ट्रेलियात शेकडो कामगारांना हा आजार निघाला. त्या देशाने १ जुलै २०२४ पासून असा ओटा बनवणं, विकणं, कापणं आणि बसवणं यांवर बंदी आणली. अशी बंदी घालणारा तो पहिला देश.

एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. घरात बसवलेल्या, शाबूत ओट्यापासून तुम्हाला हा धोका नाही. त्याच्यावर पोळ्या लाटा, भाजी चिरा, फडक्याने पुसा, काही होत नाही. धोका आहे तो कापण्यात, भोक पाडण्यात आणि कोरडं घासण्यात. पॉलिश पेपर नको असं मघाशी म्हटलं, त्याचं दुसरं कारण हे. डाग गेला नाही म्हणून कारागीर बोलावून घरातच कोरडं पॉलिश करवून घेऊ नका. त्यापेक्षा डाग राहू द्या. आणि शक्यतो ओट्याला अशी माया लावा की तो पंचवीस वर्षं टिकेल. ओटा जितका जास्त टिकेल, तितक्या कमी लाद्या कापाव्या लागतील.

नवा ओटा घ्यायला निघाला असाल तर दुकानात रंग विचारा, भाव विचारा, कमी सिलिकाचा माल आहे का तेही विचारा. आता तसे प्रकार मिळू लागले आहेत. पण सिलिका कमी म्हणजे धूळ निर्धोक, असं समजू नका. म्हणून त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: ‘हा कापणार कुठे आणि कसा?’ मापं आधी नीट देऊन सिंकचं भोक कारखान्यातच पाण्याखाली पाडून घेता येतं. धूळ ओढून घेणारं यंत्र आणि नीट बसणारा मास्क कामगाराला देता येतो. पाण्याने सगळा धोका जात नाही, पण पुष्कळ कमी होतो. यासाठी शे-पाचशे जास्त पडले तर ते बिलात लावायला सांगा. आपण विचारलं नाही तर मालक त्या मुलाला कशाला विचारेल?

तेवढं विचारा आणि मगच बयाणा द्या.